तेजलचं घामोळं

सरावलीच्या त्या चाळीत उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकून कुणी बसत नसे. ऊन जरा वर आलं की छपराचा पत्रा तडतड वाजायला लागे, आणि दिवस बुडाला तरी खोलीतली धग हटत नसे. ओळीनं खोल्या, प्रत्येकीला एक दार, आणि मागच्या भिंतीत हाताच्या पंजाएवढी जाळी. त्या जाळीतून वारा म्हणून जे काही आत यायचं त्याला कारखान्यांचा वास असायचा.

तानी कारखान्यातली पाळी संपवून आली तेव्हा तेजलचं रडणं तिला नळापासूनच ऐकू आलं. भुकेचं रडणं ती ओळखायची. आजचं निराळं होतं. पोर किरकिरायची, दमून गप्प व्हायची, पुन्हा किरकिरायची.

तिची सासू बायडी उंबऱ्यात बसून झोळीची दोरी ओढत होती. बायडी मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून आली होती, नात सांभाळायला. नातीला कोण बघणार म्हणून तानीच्या नवऱ्यानं, अंकुशनं, तिला होळीनंतर आणलं होतं. पाड्यावर या दिवसांत कामही नव्हतं.

"सकाळधरनं अशीच हाय," बायडी म्हणाली. "वाटीनं दूध पाजलं, तेपन ओकली."

तानीनं पोरीला झोळीतून उचललं. झोळी जुन्या नायलॉनच्या साडीची. पाठीखालचं कापड ओलंचिंब झालं होतं. मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत लाल पुरळ उठलं होतं, बारीक रव्यासारखं. हात फिरवला की खरखर लागायचं. तेजल नुकती बसायला शिकली होती. तिला खाजवता येत नव्हतं, म्हणून ती डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घासत होती.

"घामोळं हाय," तानी म्हणाली. "होतं उन्हाचं."

"पाड्यावर नाय झालं कुनाला," बायडी म्हणाली.

कोपऱ्यावरच्या खोलीतून गोजराबाई आली. तिचा नवरा मारुती मालकाच्या वतीनं चाळीचं बघायचा, आणि चाळीचा नळ तिच्याच दारात होता. मराठवाड्यातून येऊन तिला इथं बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच राहिलं होतं. तिनं पोरीची मान उचलून पाहिलं, चुकचुकली आणि आपल्या नातीचा पावडरचा डबा आणून दिला.

"लाव चांगली थापून. माझ्या प्रियंकाला हेच लावतो आम्ही. लेकरू कसं गार पडतं बघ."

तानीनं पावडर थापली. पोर पांढरी झाली. पण पोरीचा घाम थांबेना, आणि थोड्या वेळात वळ्यावळ्यांतून पावडरीचा चिखल झाला. तो काढताना पोर किंचाळली.

खोकी बनवायच्या कारखान्यात तानी पुठ्ठे मोडायची. कापलेला पुठ्ठा यायचा, तो घडीवर मोडायचा, पिन मारणाऱ्या बाईकडे सरकवायचा. पुठ्ठ्याची धूळ उडते म्हणून पंखे दूर लावलेले. अंगात जाड निळा कोट घालावा लागे. त्याच्या आत घाम पाठीवरून खाली उतरायचा आणि कमरेच्या गाठीशी साठायचा. तिच्याही छातीखाली आणि पाठीवर पुरळ होतं. पिन मारणारी उषा जेवणाच्या सुट्टीत भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासून घ्यायची, मग तानी घासायची. त्यावर दोघी हसायच्या. घामोळ्याचं एवढं काय, असंच सगळ्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दुधानं तिचा ब्लाउज भिजला. कोटावरही डाग आला. ती सुपरवायझर नीलेशकडे गेली.

"जरा घरी जाऊन येते. पोर लहान हाय. जवळच हाय."

नीलेशनं कोटावरच्या डागाकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग बाजूच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "पोर लहान असेल तर घरी बसायचं. इथं पुठ्ठा ओला झाला तर माल परत येतो."

कुणीतरी हसलं. तानी जागेवर परतली. पुढचे सगळे पुठ्ठे तिनं हात लांब धरून मोडले.

घरी आली तर पुरळ पाठीवर पसरलं होतं. बायडी पोरीला भिजवलेल्या पदरानं वारा घालत होती. वीज गेली होती, पंखा बंद. शेजारपाजारच्या बायका दाराबाहेर सावलीच्या पट्ट्यात बसल्या होत्या. सावली सरकली की त्याही सरकायच्या. तानीनं बादलीत हात घातला. दुपारचं उरलेलं पाणी होतं, आणि ते चहासारखं गरम झालं होतं.

अंकुश संध्याकाळी आला तो थेट मोरीत शिरला. कापड रंगवायच्या कारखान्यात वाफेच्या पिंपांपाशी त्याचं काम. आला की त्याच्या अंगाला तिखट वास यायचा आणि नखांत निळं असायचं. कमरेभोवती पट्ट्याच्या रेषेत त्याला नायटा झाला होता. खाजवून खाजवून कातडी काळी पडली होती. तो मोरीतून बाहेर आला तेव्हा हातात एक ट्यूब होती.

"ही लाव तिला," तो तानीला म्हणाला.

"कसली हाय?"

"मेडिकलवाल्यानं दिली. माझी खाज दोन दिसांत गेली. आमच्याकडं सगळे हीच लावतात."

"एवढ्याशा पोरीला?"

"मग काय करू? रडून रडून मरंल ती." अंकुश खालच्या आवाजात बोलायचा माणूस, पण हे तो ओरडूनच बोलला. आपणच दचकला. मग पोरीजवळ बसून त्यानं स्वतःच्या बोटानं ती पांढरी मलई तिच्या मानेला, पाठीला, काखेला लावली. इतक्या हलक्या हातानं लावली की तानीला पुढं काही बोलवेना.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी लाली उतरली. पोर झोपली. बायडीनं अंकुशच्या तोंडावरून हात फिरवला. तानीला वाटलं, सुटलो. तिनं पावडरचा डबा गोजराबाईला परत दिला. नंतरही रोज सकाळ-संध्याकाळ ट्यूब लावत राहिली. संपत आली तेव्हा अंकुशनं दुसरी आणली.

मग एका सकाळी पोरीचं झबलं पाठीला चिकटलं. तानीनं ते सोडवलं तर त्याबरोबर कातडीही आली. खाली फोड होते. काहींत पू भरला होता, वरून पिवळे, मुळाशी लाल. मानेवर, डोक्यात केसांच्या मुळाशी, पाठीवर. एक काखेत होता सुपारीएवढा, हात लावला की पोर जीव खाऊन ओरडायची.

बायडीनं पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"देवी आली," ती म्हणाली.

"आये, घामोळं होतं ते."

"घामोळं असं असतं? मी पोरं गाडलीत, तानी. माझी दोन. मला देवी कळत नाय?"

तानीला हे माहीत नव्हतं. अंकुशला माहीत असावं; तो खाली बघत होता. बायडी रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाचा पाला तोडून घेऊन आली, काही दाराला खोचला, काही पोरीच्या अंगाखाली अंथरला. आता अंघोळ नाही, औषध नाही, ट्यूब नाही. वारा लागू द्यायचा नाही. घरात फोडणी नाही. पोरीला लुगड्यात गुंडाळून आतल्या कोपऱ्यात ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं.

"पाड्यावरचा भगत येईस्तवर तिला पानी लावायचं नाय," ती म्हणाली. "चिडली तर घेऊन जाईल."

तानीनं अंकुशकडे पाहिलं. अंकुश म्हणाला, "आय म्हनते तर," आणि डबा घेऊन कामाला गेला. तानीही गेली. तिलाही भीती वाटत होती. दोन पोरं गाडलेल्या बाईला कळत असेल, असं तिला वाटलं.

दाराला पाला दिसला आणि चाळ बदलली. गोजराबाईनं आपल्या नातीला ओढून आत नेलं. संध्याकाळी तानी हंडा घेऊन नळावर गेली तर गोजराबाई मध्ये उभी.

"नळाला हात लावू नगंस. मी ओतते. तू हंडा तिथं ठेव आन् मागं हो."

"काकू, मी काय—"

"माझ्या घरात लेकरू हाय. राग मानू नगंस."

तानी मागं झाली. गोजराबाईनं आपल्या बादलीतून वरून, हात लांब धरून पाणी ओतलं. अर्धं हंड्यात पडलं, अर्धं जमिनीवर. मागं रांगेतल्या बायका बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, ह्या डोंगरातल्या लोकांना किती सांगा, पोरांना साफ ठेवतच नाहीत. तानीनं हंडा उचलला. तो पुरता भरलेला नव्हता, तरी तिनं आणखी मागितलं नाही.

दार लावलेल्या खोलीत विस्तवापाशी बसल्यासारखं होत होतं. लुगड्याच्या आत तेजल घामानं न्हाऊन निघायची. पाल्याचा आणि पुवाचा वास एक झाला होता. ती आता रडत नव्हती. बायडी म्हणाली, देवी शांत होतेय. तानीनं पोरीच्या तोंडात स्तन दिला. पोरीनं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. ओठ सुकून त्यांवर साल आली होती. तानीनं लुगड्याचं टोक भिजवून त्या ओठांवर टेकवलं. बायडीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तानीचा हात चालेना. ती पुठ्ठा उलटा मोडायची, उषा तो निमूटपणे परत करायची. शेवटी उषानं मशीन थांबवून विचारलं, "आज पोरीला पाजलं नाय का? कोट पार भिजलाय."

तानी उभी राहिली. छाती दगडासारखी झाली होती. सकाळपासून पोरीनं काही घेतलंच नव्हतं. तिनं कोट काढला, घडी करून पुठ्ठ्यांवर ठेवला आणि दाराकडं चालू लागली.

"कुठं?" नीलेश आडवा आला.

"घरी."

"आता गेलीस तर उद्या येऊ नको."

तानीला त्या बोलण्याचा अर्थ फाटकाबाहेर आल्यावर कळला. तोवर ती पळत होती.

खोलीत शिरताच तिनं लुगडं उलगडलं. तेजलचे डोळे अर्धवट उघडे होते आणि बुबुळं वर गेली होती. अंग तव्यासारखं. हाक मारली तरी मान वळली नाही. तानीनं तिला तशीच उघडी उचलली आणि वर आपला सुती पदर टाकला.

बायडी दारात आडवी उभी राहिली. ती लहानखुरी, वाळलेली बाई, पण तिनं दोन्ही हात चौकटीला रोवले होते.

"नको नेऊ. दवाखान्यात सुई टोचतात. देवीला सुई चालत नाय. माझी पोरं तशीच गेली, तानी, तशीच. सुई टोचली आन् गेली."

"आये, ती दूध घेत नाय."

"मी पाया पडते तुझ्या."

आणि ती खरंच खाली वाकली. म्हातारी वाकली तेव्हा दारात वाट झाली, आणि तानी तिच्या अंगावरून, तिला पाय लावून, बाहेर पडली. बायडीचा हुंदका तिला मागून ऐकू आला. ती थांबली नाही.

रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. तिनं रिक्षाला हात केला. रिक्षावाल्यानं पदराखालची पोर पाहिली.

"माता निकली है क्या?"

"नाय, नाय. घामोळं."

"ऐसा घमौरी होता है? मेरे घर में भी बच्चा है, बहन." आणि तो निघून गेला. पुढचा थांबलाच नाही. तानी चालत निघाली. कारखान्यांच्या भिंतींना सावली नव्हती, ऊन डोक्यावर होतं. टँकरांच्या ओळीतून, धुळीतून ती चालत होती. मध्येच थांबून पोरीच्या नाकाशी गाल न्यायची. श्वास लागला की पुन्हा चालायची. एका चहाच्या टपरीवर तिनं पाणी मागितलं. टपरीवाल्यानं पाण्याचा अख्खा जग दिला. तिनं तो तिथंच पोरीच्या डोक्यावर ओतला. देवी चिडायची तर चिडो, असं ती मनात म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

सरकारी दवाखान्यात रांग होती. रांगेतल्या बाईनं पोरीकडे पाहिलं आणि तानीला पुढं ढकललं; तिच्या पुढच्यांनीही वाट दिली. डॉक्टरीण वयानं लहान होती, कपाळावर घामाचे थेंब. तिनं पदर बाजूला केला आणि उभीच राहिली.

"किती दिवस झाले?"

तानीला सांगता येईना. "आधी बारीक होतं. रव्यासारखं."

"आणि मग काय लावलं?"

"पावडर. मग ट्यूब. मग काय नाय. गुंडाळून ठेवली. देवी हाय म्हनून."

"ही देवी नाही. घामोळंच आहे. पिकलंय, आणि विष रक्तात चाललंय. कसली ट्यूब?"

तानीला नाव माहीत नव्हतं. तिनं ट्यूबचा रंग सांगितला. डॉक्टरणीनं डोळे मिटले, उघडले. "मोठ्या माणसाच्या नायट्यालाही ती लावू नये. लाली दाबते आणि कातडी मारते. मेलेल्या कातडीवर हे सगळं वाढतं." मग ती नर्सकडे वळली. "प्रतीक्षा, आधी अंग पुसून घे. साध्या पाण्यानं. सगळं अंग."

नर्स प्रतीक्षानं मोठ्या थाळ्यात पाणी घेतलं. तानी बघत होती. पाण्यानं भिजवलेलं फडकं पोरीच्या कपाळावरून फिरलं, मानेवरून, छातीवरून. पाल्याचे चिकटलेले तुकडे निघून आले. पोरीची शीर सापडेना. हातात टोचलं, पायात टोचलं, शेवटी डोक्यात. टोचताना तेजल क्षीण आवाजात रडली, आणि तानीनं इतक्या वेळात पहिल्यांदा श्वास पूर्ण घेतला.

काखेतला फोड कापायचा होता. तानीला पोरीचे हात धरायला सांगितलं. पू निघाला तो वाटीभर. तो बघून पोराला घेऊन आलेला एक बाप्या बाहेर जाऊन ओकला. तानीनं हात सोडले नाहीत.

वॉर्डात मोठे पंखे होते आणि छत उंच होतं. खाटेवर पोर उघडी, नुसत्या पातळ सुती फडक्यावर. नर्स मधूनमधून यायची आणि अंग पुसायची. तानी खाटेखाली फरशीवर बसली. फरशी गार होती. ती आपली पुरळलेली पाठ त्या फरशीला लावून आडवी झाली आणि तिला रडू फुटलं. कामाचं, पोरीचं, म्हातारीला पाय लागला त्याचं, सगळ्याचंच ते रडू होतं.

संध्याकाळी अंकुश आला. डॉक्टरीण फेरीला आली तेव्हा तो उभा राहिला.

"ट्यूब मी लावली," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरणीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कुठं आहे नायटा? दाखवा."

वॉर्डभर बायका होत्या. अंकुशनं शर्ट वर केला, पँटचा पट्टा सैल करून खाली ओढला. कमरेभोवती काळं, चिरलेलं, मधूनच लाल कडं. सगळ्या बायकांनी पाहिलं. डॉक्टरीण म्हणाली, तुमच्या अंगचं पोरीला लागायला वेळ लागणार नाही, टॉवेल वेगळा ठेवा, पट्टा घालू नका, कामावरून आल्यावर अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा आणि ह्या गोळ्या महिनाभर घ्या. अंकुश हो हो म्हणत होता. तिथंच त्यानं पट्टा काढून हातात गुंडाळला.

बायडी आली होती, पण आत येत नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर भिंतीकडं तोंड करून बसून होती. तानी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी चहा घेऊन गेली.

"हाय का?" बायडीनं विचारलं. पोर जिवंत आहे का, असं तिला विचारायचं होतं.

"हाय. दूध प्याली."

"सुई टोचली?"

"डोक्यात."

बायडीनं कपाळ गुडघ्यांवर टेकलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझ्या पोरांनापन घामोळंच असंल का गं?"

तानी तिच्या शेजारी पायरीवर बसली. चहा गार झाला.

तेजल सुधारत गेली. फोडांवर खपल्या धरल्या, ताप उतरला, ती पंख्याकडं बघून हात हलवायला लागली. ती जसजशी बरी होत गेली तसतसा तानीला खोलीवरचा पत्रा आठवू लागला. शेवटी डॉक्टरणीनं घरी जायला सांगितलं आणि काय काय करायचं ते समजावलं. दिवसातून दोनतीनदा साध्या पाण्यानं अंघोळ. अंग चोळायचं नाही, टिपायचं. सुती कपडा, तोही सैल. नायलॉनची झोळी नको. तेल नको, पावडर नको. अंगावर वारा लागू द्या. खोली थंड ठेवा.

"बाई, खोली थंड कशी ठेवू?" तानीनं विचारलं.

"खिडक्या उघड्या ठेवायच्या."

"खिडकी नाय. पत्रा हाय."

डॉक्टरीण कागदावर लिहिता लिहिता थांबली. "गोणपाट ओलं करून पत्र्यावर—"

"पानी एक हंडा मिळतं."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही, तानी," डॉक्टरीण म्हणाली. "खरंच नाही माहीत. पण त्याच खोलीत नेलीत तर पुन्हा हेच होईल."

"मग इथंच राहू द्या. मी फरशी पुसते सगळ्या वॉर्डाची. पाऊस लागेस्तोवर."

तेवढ्यात नर्स एका बाईला घेऊन आली. बाईच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं मूल. टॉवेल सुटला तशी त्याची पाठ दिसली. तेच पिवळे, पिकलेले फोड. बाई सालवडच्या चाळीतली होती, नाव हिना. खाट रिकामी होण्याची वाट बघत ती भिंतीशी उभी राहिली. तिनं तानीकडे पाहिलं नाही, नुसतं खाटेकडे पाहिलं. तानी उठली. पोरीला उचलून घेतलं आणि फडकं झटकून हिनासाठी नीट अंथरलं.

"आधी अंग पुसतात," ती म्हणाली. "घाबरू नका. पुसू द्या."

बाहेर पायरीवर तिघंही उन्हाकडं बघत बसली. अंकुशला कामावर जायचं होतं. तेही काम सुटलं तर खायला काही नव्हतं. खोलीवर जायचं तर पत्रा. पाड्यावर जायचं तर तिथं वारा होता, कारवीच्या भिंती होत्या, मोहाच्या झाडाची सावली होती.

"पाड्यावर पानी नाय," अंकुश म्हणाला. "विहीर आटली. आयनंच सांगितलं."

"डवऱ्यात हाय," बायडी म्हणाली. कोरड्या ओहोळाच्या वाळूत खड्डा खणला की त्यात पाणी झिरपायचं, त्याला पाड्यावर डवरा म्हणत. "मी आनीन."

"पोरीच्या अंघोळीला? दोनतीनदा?"

"आनीन म्हनले ना."

तानीनं सासूकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे कोरडे होते.

मनोरपर्यंत एसटी, पुढं जीप, त्यापुढं चढण. अंकुश मनोरपर्यंत आला. पोरीला जवळ घ्यायला त्यानं हात पुढं केले, मग कमरेकडं बघून मागं घेतले. जीप सुटली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हात अंगाला न लावता, लांब धरून.

पाड्यावर पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. बायडी टेकली नाही. हंडा घेऊन ओहोळात उतरली, मागून पोरीला कडेवर घेऊन तानी. डवऱ्याभोवती बायका बसून होत्या. खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर पाणी जमलं की जिची पाळी ती वाटीनं उपसायची, कपड्यातून गाळून हंड्यात टाकायची. मग पुन्हा थांबायचं. बायडीचा हंडा भरत आला तेव्हा दिवस बुडायला आला होता.

"पोरीला न्हाऊ घालायला हाय म्हनं?" नर्मदा नावाची बाई म्हणाली. तिचीही पोरं हंडा धरून बसली होती. "प्यायला नाय आन् तुमी अंघोळीला नेता?"

 सगळ्यांनी मान वर केली. तानीला नळापुढची ती रांग आठवली. पण ह्या बायका खोटं बोलत नव्हत्या. तिची मान खाली गेली.

बायडी वाळूवर बसली होती ती उठली. "हा माझ्या वाट्याचा हंडा हाय," ती म्हणाली. "पोरगी न्हाईल. मी नाय पीत."

नर्मदेनं तिच्याकडं पाहिलं, मग पोरीच्या पाठीवरच्या खपल्यांकडं. ती बाजूला सरकली.

घरापुढं मोहाखाली तानीनं परात ठेवली, त्यात तेजलला बसवलं. बायडीनं तांब्या भरला. तो पोरीच्या डोक्यावर नेला आणि तिचा हात तिथंच थांबला. ओठ पुटपुटत होते. तानीनं घाई केली नाही. मग धार सुटली. पाणी गार होतं, वाळूतलं. पोरीनं श्वास ओढून धरला, आणि दोन्ही हातांनी परातीतलं पाणी बडवलं. वारा सुटला होता. ओली पाठ वाऱ्यावर सुकत गेली.

परातीतलं पाणी बायडीनं शेळीपुढं ठेवलं. हंड्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं, ते तिनं तांब्यात ओतून तानीपुढं सरकवलं. पोर अंगावर पिते म्हणून. स्वतः जीभ ओठांवरून फिरवली आणि पोरीला टिपायला घेतलं, चोळायचं नाही म्हणून अगदी हलकेच.

तानीनं तांब्यातलं पाणी प्यायलं नाही. तो झाकून म्हातारीजवळ ठेवला, रिकामा हंडा कडेवर घेतला आणि अंधार पडायच्या आत पुन्हा ओहोळात उतरली. बायका अजून बसून होत्या. ती रांगेच्या शेवटी वाळूवर बसली आणि पाणी झिरपायची वाट बघू लागली.